खड्डा किती वेळ उघडा?

सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पाण्याची टाकी, पार्किंग आणि तिसऱ्या मजल्यावरचा कुत्रा हे तीन विषय आटोपल्यावर सेक्रेटरी काकांनी घसा खाकरला. म्हणाले, "आता मेट्रो." सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. ठाण्यात, नौपाड्यातल्या आमच्या चार मजली बिल्डिंगीत गुडघ्याचं काही झालं की लोक दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांकडे बघतात आणि जमिनीचं काही झालं की माझ्याकडे.

"खड्डा आपल्यापासून किती लांब येणार, तेवढं सांग," काका म्हणाले.

"लांब किती ते नंतर बघू काका. आधी विचारा खोल किती, खाली काय लागणार आणि किती वेळ उघडा राहणार."

"उघडा म्हणजे? त्याला झाकण असतं की काय?"

सभा हसली, मीही हसले. तरी त्या प्रश्नाचं उत्तर खरं म्हणजे "असतं" असंच आहे. झाकण नुसतं वर बसत नाही, बाजूंनाही बसतं. आणि ते बसायला जितका उशीर, तितकी शेजारच्या बिल्डिंगीत प्लास्टर पडायची शक्यता जास्त.

ठाण्याच्या वर्तुळाकार मेट्रोला केंद्राची मंजुरी मिळाली ऑगस्ट २०२४ मध्ये. २९ किलोमीटर मार्ग, २२ स्टेशनं. त्यातली २० खांबांवर आणि दोनच जमिनीखाली: ठाणे स्टेशनजवळचं एक आणि नवीन ठाण्याचं एक. खांबांवरच्या स्टेशनांबद्दल कोणी रात्री जागत नाही. फार तर धूळ आणि ट्रॅफिकच्या शिव्या. जमिनीखालचं म्हटलं की मात्र माणूस आपल्या घरातला प्रत्येक तडा मोजायला लागतो.

सभा संपल्यावर तळमजल्यावरच्या आजींनी मला हाताला धरून थेट स्वयंपाकघरात नेलं. ओट्याच्या वर, मसाल्याच्या फळीपासून छताकडे तिरका गेलेला एक तडा. केसापेक्षा थोडा जाड. "हा आजचा नाही," आजी म्हणाल्या. "पण उद्या काही झालं तर ते म्हणणार हा जुनाच होता आणि मी म्हणणार हा वाढलाय. मग खरं कोणाचं?"

माझ्या धंद्यातली पहिली गोष्ट आजींनी ओट्याशी उभं राहून सांगितली होती. खोदकामाआधीचं रीडिंग नसेल तर नंतरच्या रीडिंगला काडीची किंमत नसते. दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेत वापरतात तशी काचेची एक पातळ पट्टी घेऊन गेले. तड्याच्या दोन्ही बाजूंचा ऑइलपेंट चाकूने खरवडला, आतलं प्लास्टर दिसेपर्यंत. पट्टी तड्यावर आडवी धरली, दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसचे लाडवाएवढे गोळे दाबले आणि वर पेन्सिलने तारीख घातली. भिंत ताण सोसून घेते, रंग सोसतो, काच सोसत नाही. अर्ध्या मिलिमीटरचीही हालचाल झाली की ती तडकते. या कामाला आता शंभर इलेक्ट्रॉनिक उपकरणं आली आहेत, पण आजींना समजेल असं हे एकच.

माझं काम मोजायचं. मी भिंत बांधत नाही, खोदत नाही, ओतत नाही. खड्ड्याच्या काठावर, कधी छत्री घेऊन तर कधी डोक्यावर ओला रुमाल टाकून, जमीन किती सरकली ते लिहून घेते. बावीस वर्षं झाली. साइटवर मला "रीडिंगवाल्या मॅडम" म्हणतात. यात आदर किती आणि वैताग किती हे अजून मला ठरवता आलेलं नाही.

खोदकाम म्हणजे काय हे मला कॉलेजात कळलं नाही, त्याच्या आधीच कळलं होतं. मुरबाडकडे मामाच्या शेतात विहीर खोदत होते. मी आठवीत असेन. वरची माती आणि मुरूम दहा-बारा फूट, त्याखाली काळा कातळ. कातळात सुरुंग लावताना मला लांब पिटाळायचे, म्हणून मला वाटायचं तोच धोक्याचा भाग. मामा म्हणाला, "कातळ त्याचा तो उभा ऱ्हातो गं. वरच्या मातीलाच धरायला लागतं." वरची बाजू त्यांनी आधी उतरती कापली होती आणि कातळ लागल्याबरोबर, पुढे एक फूटही खाली न जाता, दगडी बांधकाम करून घेतलं होतं. आषाढाच्या आत.

मुंबई-ठाण्याच्या जमिनीची गोष्ट हीच आहे, फक्त विहिरीच्या जागी स्टेशन. वर भराव, त्याखाली खाडीकडच्या बाजूला मऊ, निळसर-काळा गाळ, मग कुजलेला खडक म्हणजे मुरूम आणि मग बेसाल्ट. बेसाल्ट म्हणजे सगळा सारखा काळा पत्थर असं समजू नये. एका लाव्ह्याच्या थरावर दुसरा येण्याआधी मधल्या काळात जी माती तयार झाली, ती पुढच्या लाव्ह्याखाली भाजून निघाली. त्या तांबड्या थराला पाणी लागलं की तो साबणासारखा होतो. बोअर मारून काढलेले खडकाचे दांडके पेटीत ओळीने मांडलेले असतात. त्यात हातभर लाल दिसलं की माझी नजर तिथेच अडकते.

मुंबईत बीकेसीला बुलेट ट्रेनचं स्टेशन बांधतायत, त्याचा खड्डा सुमारे ३२ मीटर खोल, म्हणजे दहा मजली इमारत उलटी ठेवावी तसा. त्याच्या कडेने एकमेकांत घुसलेल्या काँक्रिटच्या पाईलची, म्हणजे जमिनीत ओतलेल्या खांबांची, जी भिंत केली, ती मात्र १७ ते २१ मीटरच खोल. बाहेरच्या माणसाला वाटेल काटकसर केली. मामाला विचारलं असतं तर त्याने बरोब्बर सांगितलं असतं: वरचं धरलंय, खालचा कातळ त्याचा तो उभा आहे. अर्थात अगदी "त्याचा तो" नाही. त्याला रॉक बोल्ट, म्हणजे लांब लोखंडी सळया, ठोकतात, वर काँक्रिटचा फवारा मारतात, पाणी निघायला भोकं ठेवतात.

माती काढली म्हणजे नेमकं काय होतं, हे एकदा डोळ्यांसमोर आणलं की बाकीचं आपोआप उलगडतं. जी माती आपण डंपरमध्ये भरून पाठवतो, ती इतकी वर्षं तिथे रिकामी बसलेली नव्हती. ती शेजारच्या मातीला खांदा देऊन उभी होती. वर्दळीच्या लोकलमध्ये दारातला एक माणूस उतरला की मागचे सगळे कसे पुढे झुकतात, तसं. वर पाण्याचा दाब निराळा. पाणी जमिनीलगत असेल तर दहा मीटर खोलीवर भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर १० टन, वीस मीटरवर २० टन, नुसत्या पाण्याचे. मातीचं अजून धरलंच नाही. आणि तेच पाणी खालूनही तळ वर ढकलत असतं. ठाण्यासारख्या तळ्यांच्या गावात हे विसरून चालत नाही. तलावपाळीवर संध्याकाळी बोटी फिरतात, त्या बघताना लोकांना गारवा वाटतो. मला पाण्याची पातळी दिसते.

या दाबाला तोंड द्यायच्या ज्या युक्त्या आहेत त्यातली मला सगळ्यात आवडणारी युक्ती चिखलाची. जमिनीत आधी भिंत बांधायची आणि मग आतली माती काढायची, हे ऐकायला उलटं वाटतं. पण भिंतीसाठी चर खणायचा तर तोच कोसळेल, त्याचं काय? १९५० च्या आसपास मिलानमध्ये इटालियन मंडळींनी याचं उत्तर शोधलं: चर बेंटोनाईट नावाच्या मातीच्या पातळ चिखलाने भरलेला ठेवायचा. आणि त्या शहराच्या पहिल्या मेट्रोसाठी त्यांनी ते रस्त्यारस्त्यावर वापरलं. दोन बाजूंना भिंती घालायच्या, वर छत ओतायचं, रस्ता लोकांना परत द्यायचा आणि मग छताखाली बसून खोदायचं. वरून खाली. प्रत्येक मजल्याची स्लॅब हाच आधार. सेक्रेटरी काकांचं झाकण ते हेच.

बेंटोनाईट आपल्याकडे कच्छातून येतं. पिठीसारखी भुकटी. पाण्यात कालवून रात्रभर फुगत ठेवायची. चरात भरली की तिचं पाणी कडेच्या मातीत थोडं झिरपतं आणि मागे दुधावरच्या सायीसारखा पातळ थर बसतो. त्या सायीवर आतल्या चिखलाचा दाब टेकतो आणि चर उभा राहतो. ढवळलं की पातळ, थांबलं की घट्ट, सॉसच्या बाटलीसारखा स्वभाव. तो नीट आहे का हे बघायला एक नरसाळं असतं. नरसाळ्यात चिखल भरायचा, खालचं बोट काढायचं आणि ९४६ मिलिलिटर पडायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. साध्या पाण्याला २६ लागतात. चिखलाला तिशी-चाळिशीत काहीतरी लागलं पाहिजे. मग त्यात सळयांचा पिंजरा उतरवतात आणि तळापासून पाईपने काँक्रिट सोडतात. चिखल हलका, म्हणून वर येतो आणि परत टाकीत जातो. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी ट्रेनी होते आणि डबा खायचं विसरले होते.

या भिंतीत खोट राहिली तर ती बाहेरून दिसत नाही. दिसते ती वर्षा-दोन वर्षांनी, आतली माती काढल्यावर. जर्मनीत कोलोनला ३ मार्च २००९ रोजी शहराच्या अभिलेखागाराची इमारत काही मिनिटांत खड्ड्यात गेली. शेजारी मेट्रोचं काम चालू होतं. भिंतीच्या एका भागात दोष राहिला होता, त्यातून पाणी आणि वाळू आत येत राहिली, इमारतीखालची जमीन पोकळ झाली. दोन माणसं गेली आणि शेकडो वर्षांचे कागद चिखलात. म्हणून पंपाच्या पाण्याकडे बघायचं. आमच्या एका साइटवरचे मुकादम रोज सकाळी प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटलीत पंपाचं पाणी भरायचे आणि कंटेनर ऑफिसच्या खिडकीत ठेवायचे. दुपारी जेवून आलं की बाटलीचा तळ बघायचा. स्वच्छ असेल तर ठीक. बोटभर गाळ बसला असेल तर भिंतीमागची जमीन आपण नळाने उपसतोय. खिडकीत सात वारांच्या सात बाटल्या ओळीने असायच्या. ऑडिटला आलेल्या साहेबांनी एकदा त्या कचरा म्हणून टाकायला लावल्या. मुकादम काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा सोमवारची बाटली.

आता वेळेची गोष्ट, जिच्यासाठी हा लेख लिहायला बसले.

भिंत दोन-तीन मीटर उघडी पडली की समोरासमोरच्या भिंतींमध्ये लोखंडी आडवा बार घालतात, स्ट्रट. जाडजूड पाईप, भिंतीलगत त्याला टेकायला लांब बीम, मग जॅक लावून तो आधीच दाबून ठेवायचा. नियम सोपा: ठरलेल्या पातळीपर्यंत खोदा, थांबा, स्ट्रट बसवा, दाब द्या, मग पुढे. नियम मोडायचं कारणही सोपं: पोकलेन भाड्याची असते आणि ती थांबली तरी तिचं मीटर चालू असतं. वेल्डर रजेवर, स्ट्रटचा पाईप नाक्यावर अडकलेला आणि पोकलेनचा ऑपरेटर रिकामा. मग कोणीतरी म्हणतं, "तोवर थोडं खाली घे." त्या "थोडं"मध्ये मीटर-दीड मीटर जातं.

भिंत किती झुकली हे बघायला तिच्यात वरपासून खालपर्यंत एक नळी घातलेली असते. नळीला आतून समोरासमोर चार खाचा. त्यात चाकं अडकवून एक दांडीसारखा प्रोब तळापर्यंत सोडायचा आणि केबलवरच्या खुणा बघत अर्ध्या-अर्ध्या मीटरवर थांबत वर यायचं. तीस मीटरला साठ रीडिंग. मग प्रोब उलटा फिरवून पुन्हा साठ. एक ओळ चुकली तर बेरीज बोंबलते. हातमोज्यांना चिखल, वहीला चिखल, खाली ब्रेकरचा आवाज. स्ट्रटवरचा दाब मात्र रोज एकाच वेळी, सकाळी उन्हं चढायच्या आत वाचायचा. दुपारी लोखंड तापून ताणलं की आकडे उगाच वाढलेले दिसतात आणि नवा इंजिनिअर घाबरतो.

एका साइटवर, नाव काढत नाही, सलग तीन दिवस माझ्या नळीत हालचाल दिसली. पहिल्या दिवशी एक मिलिमीटर, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी चार. एकूण सात. आमची इशाऱ्याची रेषा होती वीसवर. मी रिपोर्टात लिहिलं, "मर्यादेत." शुक्रवारची संध्याकाळ होती, मला ठाणे लोकल पकडायची होती आणि आकडा खरोखरच मर्यादेत होता. ट्रेनमध्ये मुलुंडच्या आसपास डोक्यात वीज चमकली. एक, दोन, चार. आकडा लहान होता, चाल लहान नव्हती. स्टेशनवर उतरून फोन केला तर कळलं, खालचा स्ट्रट बसलाच नव्हता आणि खोदकाम तिथून दीड मीटर पुढे गेलं होतं. खणून काढलेला मुरूम रात्रीच परत आत लोटायला लावला. त्यासाठी मला तिघांच्या शिव्या खाव्या लागल्या, त्यातला एक माझाच वरिष्ठ. सकाळी भिंत थांबलेली होती. चूक त्यांची होतीच. पण "मर्यादेत" हा शब्द माझ्या सहीनिशी गेला होता. तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

तेव्हापासून मी निकॉल हायवेची गोष्ट प्रत्येक नव्या मुलाला सांगते. सिंगापूर, २० एप्रिल २००४. मेट्रोसाठी तेहतीस मीटरपर्यंत जायचा खड्डा, मऊ सागरी गाळात, दहा थरांचे स्ट्रट. नऊ थर बसले होते, दहाव्यासाठी खोदत होते. सकाळपासून लोखंडातून ठण्-ठण् आवाज येत होते, बीमच्या कडा दुमडायला लागल्या होत्या. दुपारी साडेतीनला सगळं कोसळलं, शेजारचा हमरस्ता घेऊन. चार जण गेले. चौकशीत दोन मोठ्या चुका निघाल्या. संगणकातल्या हिशेबात त्या गाळाची ताकद होती त्याहून जास्त धरली गेली होती, त्यामुळे भिंतीवर येणारा भार आणि तिचं झुकणं दोन्ही कागदावर कमी दिसलं. आणि स्ट्रट जिथे बीमला टेकतो, तो सांधा कमकुवत होता. पण मला त्यात रुतते ती तिसरी गोष्ट. भिंत अंदाजापेक्षा जास्त झुकतेय हे कित्येक आठवडे आधीपासून रीडिंगमध्ये दिसत होतं. प्रत्येक वेळी नवा हिशेब करून मर्यादा पुढे सरकवली गेली. रेषेला गाठायला लागलो की रेषाच हलवायची. हे वाचताना मला माझा शुक्रवार आठवतो.

मोजत मोजत बांधायची ही पद्धत नवी नाही. इंजिनिअर राल्फ पेक यांनी १९६९ मध्ये लंडनच्या रँकिन व्याख्यानात ती नीट मांडली. त्याच्याही तीसेक वर्षं आधी शिकागोच्या भुयारी रेल्वेच्या खड्ड्यांत ते आणि त्यांचे गुरू टेर्झागी स्ट्रटवरचे भार मोजत होते. त्यांचं म्हणणं असं की जमिनीबद्दल सगळं आधी कळत नाही. म्हणून सर्वांत शक्य दिसणाऱ्या परिस्थितीवर आराखडा करा, वाईट निघालं तर काय कराल हे आधीच लिहून ठेवा आणि मोजत राहा. यातलं मधलं वाक्य लोक गाळतात. मोजतात सगळे. वाईट निघालं तर काय, हे कागदावर कोणाकडेच नसतं. मग ऐन वेळी मीटिंग.

आता सुधारणा पुष्कळ झाल्या आहेत आणि त्या खोट्या नाहीत. खडकात सरळ भिंत कापणारी चाकांची यंत्रं आली. चीनमध्ये स्ट्रटच्या टोकाला हायड्रॉलिक जॅक कायमचे बसवतात. भिंत सरकली की संगणक आपोआप दाब वाढवतो, उन्हाने लोखंड ताणलं की कमी करतो. आमच्याही नळ्यांत आता कायमचे सेन्सर असतात, दर पंधरा मिनिटांनी रीडिंग फोनवर. चिखलाचे हातमोजे गेले. पण फोनवर अलार्म इतके वाजतात की साइटवरच्या निम्म्या लोकांनी तो ग्रुप म्यूट केलेला असतो. एकदा एका सेन्सरवर पाल बसली म्हणून रात्री दोन वाजता सगळे उठले होते. त्यानंतर पुढच्या खऱ्या अलार्मला कोणी उठेल का? माझ्या मते या सगळ्या यंत्रांपेक्षा मोठी सुधारणा एका ओळीची आहे: अमुक आकड्याला, अमुक माणूस, कोणाला न विचारता काम थांबवू शकतो. त्या माणसाचं नाव बोर्डावर असावं. पोकलेनच्या भाड्याचा बोजा त्याच्या डोक्यावर नसावा. मी पाहिलेल्या चांगल्या साइटवर हे होतं. बाकीच्यांकडे सेन्सर होते.

ठाणेकरांना खरं तर यात नवल वाटू नये. १६ एप्रिल १८५३ ला पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून निघाली ती इथेच आली. पारसिकच्या डोंगरातला बोगदा १९१६ चा, कळव्यापलीकडे २०२२ पर्यंत फास्ट लोकल त्यातूनच जायच्या. आणि खाडीपल्याड घणसोलीकडून शिळफाट्यापर्यंत बुलेट ट्रेनचा बोगदा सुरुंग लावून खणला. २०२५ च्या सप्टेंबरात तो जवळजवळ ४.९ किलोमीटर आरपार झाला. बीकेसी ते शिळफाटा अशा २१ किलोमीटरच्या बोगद्याचा तो एक तुकडा; अख्ख्या बोगद्यातले ७ किलोमीटर ठाणे खाडीखालून. सुरुंगाच्या बोगद्यात दर स्फोटानंतर छत किती खाली आलं, भिंती किती जवळ आल्या हे मोजून मगच पुढचा आधार ठरवतात. तिथे "थोडं खाली घे" म्हणणाऱ्याला लोक बाहेर काढतात, कारण सगळे त्याच छताखाली उभे असतात. उघड्या खड्ड्यात वर आकाश दिसतं, त्यामुळे भीती वाटत नाही.

सभेतल्या बाकी प्रश्नांची उत्तरं मी लिहून दिली. हादऱ्यांना घाबरू नका, त्याचीही मर्यादा असते आणि मीटर लावता येतात. मऊ मातीत जमीन बसण्याचा परिणाम खोलीच्या दुप्पट-तिप्पट अंतरापर्यंत पोचू शकतो, कातळात फार कमी. सोसायटीने स्वतः तड्यांचे फोटो काढून ठेवावेत, तारखेसह. डंपरचा हिशेब एका काकांनी मागितला होता, तोही केला. समजा स्टेशन २०० मीटर लांब, २५ रुंद, २५ खोल. सव्वा लाख घनमीटर. खणलेलं फुगतं, दीडपटीच्या जरा आत धरलं तर पावणेदोन लाख. डंपरमागे १४ घनमीटर, म्हणजे साडेबारा हजार फेऱ्या. सगळ्या रात्रीच्या. स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलाखाली, गोखले रोडला, जांभळी नाक्याला रात्री काय होईल याची कल्पना करून काका गप्प झाले. गंमत म्हणजे तड्यांपेक्षा जास्त भीती त्यांना याची वाटली. ती रास्तही आहे.

पावसाळा सरत आल्यावर आजींकडे गेले, पट्टी बघायला. स्वयंपाकघरात पट्टी होती तिथेच, गोळे थोडे पिवळे पडलेले. मसाल्याच्या फळीशेजारी भिंतीवर कालनिर्णय. त्यावर रोजच्या चौकोनात आजी दुधाचा हिशेब लिहितात, अर्धा लिटर, एक लिटर. त्याखाली आता बारीक अक्षरांत अजून एक नोंद होती: "पट्टी ठीक." रोज. मी पान मागे उलटलं. जुलैभर "पट्टी ठीक". एकादशीला "दूध नको, पट्टी ठीक". मुलीकडे गेल्या त्या चार दिवसांच्या चौकोनात काही नाही.

ऑगस्टच्या एका गुरुवारी मात्र लिहिलं होतं, "पट्टीला केस?"

मी खुर्चीवर चढून मोबाईलचा टॉर्च लावला. खरंच, काचेच्या डाव्या टोकापासून एक रेघ गेलेली होती, आरपार. मेट्रोच्या खड्ड्याने आमच्या वाऱ्यालाही धक्का लावलेला नव्हता. "आजी, या गुरुवारी काय झालं होतं?"

त्यांनी चष्मा वर केला, पान जवळ आणलं. "या गुरुवारी? अगं, वरच्यांनी बाथरूमच्या लाद्या फोडल्या ना. सकाळी नऊपासून. मी सेक्रेटरींना फोनही केला होता, पण ते म्हणाले संध्याकाळी बघू."

मी जुनी पट्टी काढून नवी लावली. आजींनी पेन्सिल स्वतःच घेतली, खाली तारीख घातली आणि मग कालनिर्णयाकडे वळून दुधाच्या अर्ध्या लिटरखाली लिहिलं, "पट्टी नवीन."